मावंद्याची पंगत



आषाढ हा आपला महिना. देहूहून तुकोबारायांची आणि आळंदीहून ज्ञानोबारायांची पालखी निघते ती ज्येष्ठाच्या वद्य पक्षात. पण सारे चालणे सार्थकी लागते ते आषाढ शुद्ध एकादशीला, भीमेच्या वाळवंटात. द्वादशीला पारणे सुटते, पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, आणि मग वारकरी कपाळावरचा बुक्का तसाच ठेवून घराकडे वळतो. घरी आला की ऐपतीप्रमाणे चार माणसे जेवायला सांगतो. या जेवणाला आपल्याकडे मावंदे म्हणतात. यात्रेचा प्रसाद एकट्याने खायचा नसतो, तो वाटायचा असतो, इतका साधा त्याचा अर्थ आहे.

आता याच महिन्याचे दुसरे रूप पाहा. पौर्णिमा सरली की श्रावण लागेपर्यंत जो पंधरवडा राहतो, त्यात खेड्यापाड्यांत आखाड चालतो. मरीआईला, लक्ष्मीआईला कोंबडे-बोकड दाखवतात. पुढे श्रावणभर पाळायचे असते, म्हणून त्याआधी पाहुण्यारावळ्यांना बोलावून जेवणावळी होतात. एकच गल्ली असते. एका घरी पाट्यावर पुरण वाटले जाते आणि समोरच्या घरी मसाल्याचे वाटण. दोन्ही घरांचा धूर एकाच आभाळात जातो.

त्या समोरच्या घरातला माणूस जेव्हा आपल्या मावंद्याला येतो, पुरणपोळीच्या पानावर मांडी घालून बसतो, तेव्हा त्याचे आणि आपले नाते काय, हा आजचा विषय आहे. विषय लहान दिसतो. पण पंगतीत माणसाचे अंतःकरण जसे उघडे पडते तसे देवळातही पडत नाही. देवळात आपण देवासमोर वागतो; पंगतीत माणसासमोर वागावे लागते.

प्रथम आपल्या नेमाविषयी बोलू, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज व्हायला नको. गळ्यात एकशे आठ मण्यांची तुळशीची माळ घातली की वारी आली, एकादशी आली, हरिपाठ आला, आणि मद्यमांसाचा त्याग आला. यात सवलत नाही. पाहुणे आले म्हणून नाही, बाजारात कोणी ओळखीचे नाही म्हणूनही नाही. मुक्या जिवाला दुखवू नये, आपल्या जिभेच्या चार घटकांच्या सुखासाठी दुसऱ्याचा जीव जाऊ नये, ही दया त्या नेमाच्या मुळाशी आहे. हे ज्याला पटले त्याने माळ घातली. अजून पटले नाही त्याने घातली नाही. पण पटलेल्याने न पटलेल्याकडे कोणत्या डोळ्याने पाहावे, हा प्रश्न माळ घातल्यानंतर सुरू होतो. माळ घातली म्हणजे तो सुटत नाही.

महाभारताच्या वनपर्वात एक कथा आहे. कौशिक नावाचा एक ब्राह्मण झाडाखाली वेद म्हणत बसला होता. वरून बगळीची घाण त्याच्या अंगावर पडली. त्याने क्रोधाने वर पाहिले तशी ती बगळी मरून खाली पडली. मनाला थोडे वाईट वाटले, पण तपाचा ताठा काही गेला नाही. मग तो भिक्षेला एका दारी उभा राहिला. घरची बाई पतीच्या सेवेत गुंतली होती, तिला यायला उशीर झाला. ब्राह्मण रागावला. ती शांतपणे म्हणाली, की महाराज, मी काही ती बगळी नव्हे. धर्म शिकायचा असेल तर मिथिलेला जा, तिथे धर्मव्याध राहतो, त्याला विचारा.

ब्राह्मण मिथिलेला गेला, आणि पाहतो तो काय, तो धर्मव्याध बाजारात मांस विकत बसलेला! गिऱ्हाइकांची गर्दी झालेली. ब्राह्मण दूर उभा राहिला. आता पुढचे नीट ऐका. त्या मांस विकणाऱ्याने स्वतः उठून ब्राह्मणाला नमस्कार केला आणि म्हणाला, की ही जागा आपल्याला उभे राहण्याजोगी नाही, आपण माझ्या घरी चलावे. घरी नेले, आसन दिले, पाय धुवायला पाणी दिले, आणि मग धर्म सांगितला. तो स्वतः जीव मारीत नव्हता, मांस खातही नव्हता. वाडवडिलांचा धंदा चालवीत होता आणि आईबापांची सेवा करीत होता.

कथेचा तात्पर्यार्थ पुष्कळ सांगतात. आपल्या विषयापुरते एवढेच घेऊ, की पाहुण्याच्या सोवळ्याची काळजी मांसाच्या दुकानदाराला होती, आणि त्या दुकानदाराच्या मनाची काळजी मात्र वेद म्हणणाऱ्याला अजून शिकायची होती. एकाचा हात मांसाला लागला होता पण डोळा निर्मळ होता. दुसऱ्याचा हात निर्मळ, पण नुसत्या डोळ्याने त्याने एक जीव मारला होता. हिंसा काय फक्त सुरीनेच होते?

आपल्या संतांच्या मेळ्यातही सजन कसाई आहेतच. त्यांची कथा अशी सांगतात, की मांस तोलायला ते जो दगड वापरीत तो शाळिग्राम होता. एका साधूने तो ओळखला, मागून घेतला, आणि सोवळ्यात पूजेला ठेवला. रात्री देव स्वप्नात येऊन म्हणाला, मला सजनाच्या तराजूत परत नेऊन ठेव, तो तोलता तोलता माझे नाव घेतो. मग तर देवच त्यांच्या दुकानात राबला, असे आपल्याकडे सांगितले जाते. उत्तरेकडे याच भक्ताला सधना म्हणतात आणि त्यांचे एक पद शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहेबात आहे. आता कोणी म्हणेल, की देवाला मांस आवडले. तसे नव्हे. देवाला सजन आवडला. आवड माणसाची होती, मालाची नव्हती. मात्र माल नावडतो म्हणून देवाने माणूस टाकला नाही, हे विसरून चालत नाही.

आणखी एक दाखला घेऊ, तो आपल्या घरचा. पैठणचे नाथमहाराज. नाथांच्या घरी पितरांचे श्राद्ध होते. स्वयंपाक सिद्ध झाला, वास रस्त्यावर गेला. त्या काळी ज्यांना समाजाने शिवेबाहेर ठेवले होते, अशी काही गोरगरीब माणसे दारावरून चालली होती. त्यांच्या लेकरांना त्या वासाने भूक लागली. नाथांनी ते ऐकले आणि श्राद्धाचे अन्न त्यांना पोटभर वाढले. मग गावच्या ब्राह्मणांनी जेवायला यायचे नाकारले, आणि पितर स्वतःच पानावर येऊन बसले, असे नाथांच्या चरित्रात सांगतात.

सज्जनहो, नाथांनी वाढताना त्या लेकरांना विचारले का, की काल रात्री तुमच्या घरी काय शिजले होते? नाही विचारले. भुकेलेला दारी आला, अन्न तयार होते, एवढे त्यांना पुरे झाले. पंगतीत बसणाऱ्याचे आजचे पान पाहायचे असते. त्याचे कालचे पान पाहण्याचा अधिकार वाढणाऱ्याला कोणी दिलेला नाही.

आता आपल्या गावात येऊ. समजा, एक माळकरी शेतकरी आहे. त्याच्या बांधाला बांध लागून दुसऱ्या एकाचे रान आहे. दोघांची सावड आहे. याच्या पेरणीला त्याचे बैल येतात, त्याच्या काढणीला याची माणसे जातात. माळकरी वारीला निघाला की तीन-साडेतीन आठवडे घर सुटते. त्या दिवसांत याच्या गाईम्हशींचे वैरणपाणी कोण करतो? शेजारी. पाऊस वेळेवर झाला तर याची पेरणी कोण उरकतो? शेजारी. रात्री बेरात्री म्हातारीला दवाखान्यात कोण नेतो? तोच. तो माळकरी नाही. त्याच्या घरी रविवारी मटण शिजते. पण तो मागे उभा असतो म्हणूनच हा पुढे चालू शकतो. तेव्हा विचार करा, ती वारी पायांनी एकाने केली, पण हातांनी कोणी केली?

वारीहून आल्यावर माळकरी त्याच्या दारी जातो. म्हणतो, "आबा, रविवारी मावंदं हाय. सगळ्यांनी जेवायला यायचं."

आबा म्हणतात, "आरं, रविवारी आमच्याकडं आखाड हाय. लेकी-जावई येनार हायती."

माळकरी गप्प राहतो. काय बोलणार! मग आबाच घटकाभराने म्हणतात, "बरं, ऱ्हाऊ दे. आखाड मंगळवारी करू. कोंबडा काय पळून जात न्हाई. तुजं मावंदं वर्सातनं एकदाच येतंय."

आणि रविवारी आबा आंघोळ करून, धुतलेले धोतर नेसून, लेकी-जावयांना घेऊन माळकऱ्याच्या ओसरीवर येतात. या जागी दोन तऱ्हा होऊ शकतात. दोन्ही आपण पाहिलेल्या आहेत, म्हणून दोन्ही सांगतो.

पहिली तऱ्हा अशी. पंगत बसली. पुंडलीक वरदाचा गजर झाला. पुरणपोळी, गुळवणी, कटाची आमटी, भात, कुरडई असे पान वाढले. वाढायला घरचाच एक तरुण, नुकतीच माळ घातलेला. नवा उत्साह! आबांच्या पानापुढे येऊन तो मोठ्याने म्हणतो, "वाढा आबांना, वाढा! आज तरी तोंड शुद्ध होऊ द्या." पंगत हसते. आबाही हसतात. जावयापुढे दुसरे काय करणार? पण हातातला घास पानातच राहतो. पोळीचा आग्रह होतो तेव्हा ते म्हणतात, "न्हाई, झालं माजं." पाणी पिऊन उठतात. जाताना माळकऱ्याच्या पाया पडून जातात, त्यात काही चुकत नाही.

पुढच्या वर्षीही आबा गुरांना वैरण घालतील, कारण माणूस भला आहे. पण मावंद्याला ते येणार नाहीत, घरातल्या पोराला पाठवतील. आणि आपल्याला वाटेल, की काय करावे, मांसाहारी लोकांना पुरणपोळी गोड लागत नाही!

दुसरी तऱ्हा अशी. माळकरी आबांना आपल्या शेजारी बसवतो. घरची माउली स्वतः वाढायला येते. "भावजी, अजून एक. ही माज्या हातची हाय," म्हणते. आबा चार पोळ्या खातात. जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता तेच विषय काढतात, "खरं सांग, तुला कधी आटवन होत न्हाई का रं मटनाची?"

आता खरा पेच पडतो. इथे खोटे बोलायचा मोह होतो. नाही, मला तर वासही सहन होत नाही, असे म्हणावेसे वाटते. पण माळकरी खरा आहे. तो म्हणतो, "पैल्या वर्षी लई व्हायची. वास आला की पाय अडखळायचा. आता कमी झाली. तरी कदीमदी येतीच. आली की इठ्ठल म्हनतो आन् पुढं जातो."

आबा खूप वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, "मंजी तुला बी येती तर!" त्या एका बोलण्याने दोघांमधली भिंत पडते. आबांना कळते, की माळ घालणारा काही वेगळ्या मातीचा नसतो. आपल्याच मातीचा असतो, फक्त एक धरून राहतो. एक तास प्रवचन ऐकून जे कळले नसते ते या दोन वाक्यांनी कळते. आबा उद्या माळ घालतील की नाही, हे पांडुरंगाला ठाऊक. घातली तर ती या सुपारीच्या बैठकीतून घातली जाईल. पहिल्या तऱ्हेतल्या हशातून कोणाच्या गळ्यात आजवर माळ पडलेली नाही.

बंधुभगिनींनो, इथे एक हिशेब आपला आपण मांडून पाहू. ज्याच्या घरात चार पिढ्या माळ आहे, ज्याने मांसाची चवच कधी घेतली नाही, त्याने मावंद्याला पुरणपोळी खाल्ली, यात त्याने काय सोडले? काही नाही. त्याला जे आवडते तेच त्याने खाल्ले. आबांनी मात्र त्या दिवशी आखाड पुढे ढकलला, जावयांच्या आवडीचे बाजूला ठेवले आणि मित्राच्या पानाला मान दिला. त्या एका दिवसापुरता त्या ओसरीवर सर्वांत मोठा त्यागी कोण होता? ज्याला आपण हसलो तोच. नेमाचे मोल जन्मापासूनच्या सवयीत नसते, प्रेमाखातर सोडण्यात असते. सवय पुण्याईने मिळाली असेल, तर ती मिरवायची नसते, तिचे उपकार मानायचे असतात.

येथे शंका येते. कोणी म्हणेल, महाराज, असे बोलून तुम्ही मांसाहाराला मोकळीक देता. मग माळ घालायची कशाला? सगळेच सारखे म्हणा आणि मोकळे व्हा!

समाधान असे. मोकळीक नाही. मावंद्याच्या पानात कांदाही पडणार नाही, चातुर्मास लागलेला आहे. पाहुण्याला आवडते म्हणून आपल्या चुलीवर दुसरे भांडे चढणार नाही. आबाही तशी अपेक्षा करीत नाहीत. अपेक्षा असती तर त्यांनी आखाड पुढे ढकललाच नसता. नेम हा आपल्या जिभेला घातलेला लगाम आहे. तो आपल्याच तोंडात असावा. तोच लगाम काढून चाबूक केला आणि दुसऱ्याच्या पाठीवर ओढला, म्हणजे नेम मोडला, मग गळ्यात माळ असो वा नसो. ज्या दयेपोटी आपण कोंबड्याच्या मानेवर सुरी चालू देत नाही, ती दया पंगतीतल्या माणसाच्या मनावर सुरी चालवताना कुठे जाते? कोंबड्याला जीव आहे आणि आबांना नाही काय?

याची उलट बाजूही असते. उद्या आबांच्या घरी लग्न निघते. त्यांच्याकडे मांडवाच्या दुसऱ्या दिवशी बकरे पडते. माळकऱ्याला बोलावणे येते. त्याने जावे की नाही? जावे. आहेर करावा, नवरानवरीला आशीर्वाद द्यावा. आबांच्या घरची बाई त्याच्यासाठी नवे पातेले काढते, निराळ्या चुलीवर पिठले-भाकरी करते, आणि म्हणते, "दादा, ह्या भांड्याला दुसरं कायबी लागलेलं न्हाई बरं का." त्या माउलीच्या शब्दाला प्रसादासारखे मानून जेवावे. चमचा कोणता, हात कोणता, अशी चौकशी करीत बसू नये. मनाला अगदीच पटत नसेल तर गूळपाणी घ्यावे, केळे खावे, पण नाक मुरडून उठू नये. आपला नेम सांभाळण्यासाठी दुसऱ्याने केलेले कष्ट हीसुद्धा एक सेवा आहे, आणि ती मांसाहारी माणसाच्या हातून आपल्याला मिळते आहे, हे ध्यानात असावे.

भगवंताने स्वतः हे दाखवून दिले आहे. शिष्टाईला हस्तिनापुरास गेले तेव्हा दुर्योधनाने राजभोजन मांडले होते. शुद्ध होते, षड्रस होते. भगवंत जेवले नाहीत. त्यांनी सांगितले, की दुसऱ्याचे अन्न दोन कारणांनी खातात, एक तर वाढणाऱ्याचे प्रेम असेल म्हणून, किंवा आपल्यावर संकट असेल म्हणून. तुझे प्रेम नाही आणि मजवर संकट नाही. मग ते विदुराघरी जाऊन जेवले. तिथे त्यांना प्रेम मिळाले. आपल्या पंगतीचेही तसेच आहे. अन्न शुद्ध ठेवले आणि प्रेम आटले, तर पंगत विदुराची राहत नाही, दुर्योधनाची होते.

आता जरा कडू बोलायचे आहे, ते ऐकून घ्यावे. आजकाल शहरांतून खोली भाड्याने देताना आधी विचारतात, तुम्ही काय खाता? पुष्कळदा तो प्रश्न अन्नाचा नसतोच. जात विचारायला लाज वाटते म्हणून ताट विचारतात. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, आणि पांडुरंगाचे मंदिर सर्वांना खुले झाले. तोवर शेकडो वर्षे चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, बाहेरच, उभी होती. ते दार उघडले. पण दार उघडून आपण ओसरीवर नवी पायरी घालीत नाही ना, हे तपासायला हवे. सोवळे अन्नाचे असावे, माणसाचे असू नये. आपल्या संतांनी साऱ्या आयुष्याचे मोल देऊन जी भिंत पाडली, ती आपण शाकाहाराच्या विटांनी पुन्हा बांधली, तर तो त्यांचा द्रोह होईल.

उलट, ही भिंत पाडणारी माणसे आपल्या आजूबाजूला किती आहेत ते पाहा. १० जुलै २०२२ ला आणि पुन्हा २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. २०२३ साली महाराष्ट्रातल्या अनेक गावांतील मुसलमान बांधवांनी आपण होऊन ठरवले, की नमाज त्या दिवशी पढू, पण कुर्बानी एकादशीला करणार नाही, नंतरच्या दिवशी करू. त्यांच्या धर्मात कुर्बानीला ईदनंतरचे दोन दिवसही चालतात, म्हणून त्यांचा नेम मोडला नाही आणि आपल्या एकादशीचा मान राहिला. त्यांच्या गळ्यात माळ नव्हती. सणाचा दिवस होता, घरात लेकरे वाट पाहत होती. तरी शेजाऱ्याच्या उपासासाठी त्यांनी आपल्या सणाचे ताट थांबवले. आबांनी आखाड पुढे ढकलला तो याच जातीचा भाव. अशा भावापुढे माळकऱ्याने फक्त हात जोडावे. तो भाव पुरेसा शुद्ध आहे की नाही, याचा कस लावायला बसू नये.

तर मग आचरण कसे ठेवावे? थोडक्यात सांगतो.

माळ नसलेला मित्र मावंद्याला, पारण्याला, सप्ताहाच्या काल्याला आला, तर त्याला पंगतीच्या शेवटी बसवू नये. आपल्या शेजारी बसवावे. वाढताना त्याच्या आहाराचा विषय काढू नये, थट्टेनेही नाही. थट्टा करणारा विसरतो, खाणारा विसरत नाही. आग्रह सर्वांना होतो तसा त्यालाही करावा. त्याने विचारले तर आपल्या नेमाविषयी खरे आणि थोडके सांगावे. न विचारता सांगू नये. जाताना त्याच्या घरच्यांसाठी प्रसाद बांधून द्यावा. आणि तो गेल्यावर मागे त्याच्याविषयी बोलू नये, हे सर्वांत कठीण आहे, म्हणून सर्वांत आधी साधावे.

माळ नसलेल्या बांधवांनाही हात जोडून एक विनंती आहे, कारण हे मासिक तुमच्याही घरी वाचले जाते. पंगतीला याल तर आंघोळ करून या, पिऊन येऊ नका. पुरणपोळीला घासफूस म्हणून हसू नका. आम्ही तुमच्या आखाडाला हसायचे नाही, तुम्ही आमच्या एकादशीला हसायचे नाही. एका पंगतीपुरते तोंड आवरले, तर कोण जाणे, त्यातूनच पुढे काही सुचेल. सुचले नाही तरी काही बिघडत नाही. जेवण गोड झाले, एवढे आम्हाला पुष्कळ आहे.

शेवटी गोपाळपुरच्या काल्याकडे एकदा पाहू. आषाढी पौर्णिमेला सगळ्या दिंड्या तिथे जमतात. काला म्हणजे काय? भगवंत यमुनेकाठी गाई चारायला गेले तेव्हा गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कोणाच्या शिदोरीत दही होते, कोणाच्या भात, कोणाच्या नुसते लोणचे. कोणी श्रीमंताघरचा, कोणी गरिबाघरचा. देवाने सगळे एकत्र कालवले आणि सगळ्यांच्या तोंडात घातले. मग कोणता घास कोणाच्या घरचा, हे कोणालाही ओळखता आले नाही. म्हणून आपली वारी काल्याशिवाय पुरी होत नाही. अडीचशे किलोमीटर चालून शेवटी शिकायचे काय, तर एका ताटात जेवायला.

मावंदे हा त्याच काल्याचा आपल्या ओसरीवरचा तुकडा आहे. यंदा वारीहून आलात की पहिले बोलावणे कोणाला द्याल? ज्याने मागे राहून तुमची गुरे सांभाळली त्याला द्या. त्याच्या घरी आखाड असेल तर दिवस विचारून ठरवा. तो पानावर बसला की त्याच्या तोंडाकडे आधी पाहा, मग पानाकडे. आणि तो दुसरी पोळी मागून घेईल तेव्हा समजा, की पांडुरंगाला नैवेद्य पोहोचला.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

रामकृष्णहरि.